तळ्यावरच्या पाटीतला कप्पा

हात्सुए ओबारा अठ्ठेचाळीस वर्षं एकच चित्र काढत आली. गावाच्या वरच्या अंगाला भातशेतीचं तळं, काठावर देवदाराची पाटी आणि पोरांनी पाण्यात उतरू नये म्हणून पाटीवर कप्पा, म्हणजे पाण्यातलं भूत. दर जूनमध्ये ती पाटी उतरवून घरी आणायची, सरस मंद आचेवर विरघळवायची, त्यात शिंपल्याची पूड आणि दगडाचे रंग बोटाने घोटायची आणि पार उडालेला कप्पा पुन्हा उभा करायची. दुकानातला तयार रंग लाव, दहा वर्षं टिकेल, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. टिकला तर पोरं त्याला सरावतील, एवढंच ती म्हणायची.

कप्पा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चोच, पाठीवर कासवाची ढाल, बोटांमध्ये पडदे, डोक्यावर बशीसारखा खळगा आणि खळग्यात पाणी. पाणी आहे तोवर तो घोडासुद्धा तळ्यात ओढून नेतो. सांडलं की संपला. त्यातून गडी पडला रीतीभातीचा. आपण वाकून नमस्कार केला की त्यालाही वाकावंच लागतं. म्हणून आमची पोरं धड चालायच्या आधी वाकायला शिकतात.

हात्सुएचा कप्पा मात्र कधी वाकला नाही. तो बघणाऱ्याकडे थेट बघायचा. हल्लीचे गावप्रमुख तोकुजी ओनोदेरा सहा वर्षांचे असताना पाटीसमोर त्यांची चड्डी ओली झाली होती. हे ते स्वतःच सांगतात, कारण न सांगून उपयोग नाही, बघणारे अजून जिवंत आहेत.

यंदा हेच तोकुजी गोड उडदाच्या वड्यांचा खोका घेऊन हात्सुएकडे आले. गावात पाहुणे यावेत म्हणून कमिटीने नवा कप्पा ठरवला होता. गोल डोळे, हसरी चोच आणि कमरेत वाकून 'या, या' म्हणणारा. अकरा शहाण्या माणसांनी त्या कागदावर शिक्के मारले होते. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"तोकुजी, हा वाकलाय," हात्सुए म्हणाली.

"हो ना ताई. पाहुण्यांना बरं वाटतं."

"वाकला की पाणी सांडतं."

"ताई, चित्र आहे ते."

एवढं बोलून तोकुजींनी चटईवर कपाळ टेकवलं. समोरच्याने कपाळ टेकल्यावर माणूस करणार काय? हात्सुएही वाकली. आणि आमच्याकडे वाकल्यावर 'हो' वेगळं म्हणावं लागत नाही.

तिने चित्र काढलं. पण बाई पडली प्रामाणिक. वाकलेल्याच्या डोक्यात पाणी काढायला तिचा हात धजेना. खळगा कोरडा ठेवला आणि जमिनीवर एक ओघळ काढला. कमिटीने टाळ्या वाजवल्या. ओघळ फारच जिवंत आलाय, असंही कोणी तरी म्हणालं.

त्या दिवसापासून हात्सुए रोज दुपारी स्टूल आणि झाडावरची फळं काढायचा लांब बांबू घेऊन तळ्यावर बसू लागली. म्हातारी स्वतःचंच चित्र बघत बसते, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. तिची धाकटी बहीण फुमी सातव्या वर्षी याच तळ्यात बुडून गेली होती, आणि पहिली पाटी त्यानंतर वडिलांनी लावली होती. सरळ सांगायचं तर हात्सुए घाबरली होती.

शाळेच्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी टोफूवाल्याने तिला सुनेचं गाऱ्हाणं ऐकवत दारातच अडवलं. ती तळ्यावर पोचली तेव्हा काठावर बुटांचे तीन जोड नीट ओळीने लावलेले होते. दोन पोरं पाय बुडवून बसली होती. तिसरी तोकुजींची नात कोनात्सु. ती कमरेपर्यंत पाण्यात होती.

"बाहेर ये," हात्सुए म्हणाली.

"आजी, त्याचा खळगा रिकामा आहे," कोनात्सुने समजावून सांगितलं. "तो आता काही करू शकत नाही."

आणि तिने आणखी एक पाऊल टाकलं. पाणी हनुवटीला लागलं, मग नाकाला. हात्सुएने बांबू पुढे केला. पोरीने तो धरला, पण ती येईना. दोघं पोरं आणि सत्तरीची म्हातारी बांबूला लोंबकळली, तेव्हा कुठे कोनात्सु काठावर आली. एक पाय मांडीपर्यंत चिखलाने काळा झाला होता.

तोकुजी घरातल्या सपातांवरच धावत आले. नातीला बघून ते हात्सुएपुढे वाकायला लागले.

"वाकू नकोस," ती म्हणाली. "पाटी धर. उतरवायची आहे."

घरी तिने कोनात्सुला गरम पाण्याने धुतलं आणि खाली काय होतं ते विचारलं.

"काही नव्हतं. चिखल होता," कोनात्सु म्हणाली. "पाय सोडत नव्हता."

हात्सुएने पाटी खरवडून काढली. नव्या चित्रात चोच नाही, ढाल नाही, चेहरासुद्धा नाही. चिखलातून आलेला एक हात आहे आणि त्या हातात लहान मुलाचा घोटा. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने मूल कधी काढलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. आता काढायला बसली, तर फुमीचं पाऊल कसं होतं तेच आठवेना. म्हणून तिने कोनात्सुला ओसरीवर बसवलं, डाव्या हाताने तिचा घोटा धरला आणि उजव्याने चित्र काढलं.

"आजी, कधी सोडणार?" कोनात्सुने विचारलं.

"झालं की," हात्सुए म्हणाली. चित्र झालं, ब्रश धुऊन झाला, रंग वाळला. घोटा तिने सोडला नाही.