मनकर्णा रस्ट शिकते

माळदऱ्याच्या शाळेमागं गावाची एक जुनी विहीर आहे. महिन्यातून एकदा मनकर्णा तिच्या कठड्याशी जायची आणि टेपच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट हळूहळू खाली सोडायची. नट पाण्याला टेकला की खालून बारीक आवाज यायचा, आणि मग ती टेपवरचा आकडा वहीत लिहायची. गावाची जलसुरक्षक म्हणून सहा वर्षं हे काम तिच्याकडं होतं. काम दहा मिनिटांचं, पण ती अर्धा अर्धा तास तिथं रमायची. खाली हिरवट उजेड असायचा, दगडांच्या कपारीतून पारवे घुमायचे. एवढं पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, हा विचार करता करता तिचं भान हरपायचं.

बारावीला सायन्सला होती मनकर्णा. परीक्षा झाली, निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन ती पारनेर तालुक्यातल्या या गावात आली. नवरा अंगद दुधाचा टेम्पो चालवायचा, घरी सासूबाई रतनबाई होत्या. पुढं निकिता झाली, मोठी झाली, नगरला इंजिनिअरिंगला गेली. मनकर्णाचं सायन्स मात्र त्या उन्हाळ्यातच थांबलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेनं विहिरीत पाण्याची पातळी आपोआप मोजणारं यंत्र बसवलं. चार महिने चाललं आणि बंद पडलं. दुरुस्तीला एक इंजिनिअर आला. कठड्यावर बसून त्यानं लॅपटॉप जोडला, बराच वेळ मान हलवली.

"यातला प्रोग्राम अडकतोय, ताई. मेमरीचा घोळ आहे. हे सगळं रस्टमध्ये नव्यानं लिहायला पाहिजे."

"रस्ट म्हंजे गंज ना?"

तो हसला. "नाव तेच. पण ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. मशीनच्या अगदी पोटात शिरून काम करते."

"कुठं शिकवत्यात ती?"

"इंटरनेटवर. पुस्तक, सराव, सगळं फुकट आहे. पण अवघड आहे हो."

यंत्राचा डबा काढून तो घेऊन गेला, तो काही परत आला नाही. मनकर्णाच्या डोक्यात मात्र तो शब्द राहिला. लोखंडावर चढणाऱ्या गंजाच्या नावाची भाषा, आणि तिचं पुस्तक कुणीही उघडावं असं नुसतं ठेवून दिलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर ती दारातल्या लिंबाखाली मोबाईल घेऊन बसली. पुस्तक खरंच होतं. इंग्रजीत होतं, पण कुणी नाव विचारलं नाही की फी मागितली नाही. पहिलं पान वाचायला तिला तीन दुपारी लागल्या. अडलेला शब्द ती डिक्शनरीत बघायची, वहीत मराठीत लिहायची. दुसऱ्या एका पानावर मोबाईलमध्येच प्रोग्राम लिहून चालवता येत होता. तिथं तिनं पुस्तकातल्यासारख्या चार ओळी लिहिल्या, त्यातल्या 'नमस्कार'ऐवजी 'माळदरा' असं लिहिलं आणि बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग खाली गावाचं नाव उमटलं. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या, कधीच न पाहिलेल्या यंत्रानं तिच्या गावाचं नाव घेतलं होतं. ती त्या अक्षरांकडं इतका वेळ बघत राहिली की स्क्रीन आपोआप काळी झाली.

"काय चाललंय एवढं?" रतनबाईंनी विचारलं. त्या समोर सुपात ज्वारी निवडत होत्या.

"शिकतीया."

"कोन शिकवतंय?"

"म्हाईत न्हाई. लांबची मानसं हायेत. लिहून ठेवलंय त्यांनी, कुनीबी वाचावं म्हनून."

"फुकट?"

"व्हय."

"लई मोठ्या मनाची दिसत्यात," रतनबाई म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

त्या दुपारी मनकर्णाला कंपायलर कळला. प्रोग्राम चालवायच्या आधी तो प्रत्येक ओळ तपासायचा आणि चुकलेल्या जागी बाण काढून दाखवायचा, की ही वस्तू वरच्या ओळीत तू दुसऱ्याला देऊन टाकलीस, आता इथं ती तुझी नाही. बाकीच्या भाषांत खडा दाताखाली आल्यावर कळतो, इथं सुपातच कळत होता. निकितानं फोनवर बजावलं होतं, "आई, त्या कंपायलरला पोरं वैतागतात. सारखं चुकलं चुकलं म्हणतो." पण मनकर्णाला त्याचा राग कधी आला नाही. इतक्या वर्षांत तिची चूक कुणी एवढ्या शांतपणे समजावून सांगितली नव्हती.

दिवाळीला निकितानं तिचा जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात सरावाचा एक संच उतरवून दिला. तोही फुकटच. मुद्दाम चुका ठेवलेले छोटे छोटे प्रोग्राम, आपण एकेक दुरुस्त करत जायचे. दुपारच्या त्या दोन तासांत लिंबाची सावली अंगणात सरकत जायची आणि मनकर्णा तिच्याबरोबर बाज सरकवायची. कधी वाचता वाचता डोळा लागायचा. मग स्वप्नात ती विहिरीच्या पायऱ्या उतरत असायची, दर पायरीवर एक ओळ लिहिलेली असायची, आणि पाण्याशी पोचल्यावर सगळ्या ओळींचा अर्थ लागायचा. जागी झाली की अर्थ विरून जायचा, पण मन प्रसन्न असायचं.

फेब्रुवारीत मात्र ती अडकली. मोजलेल्या आकड्यांची यादी वाचत जायची आणि वाचता वाचताच चुकीचे आकडे काढून टाकायचे, एवढाच प्रोग्राम होता. कंपायलर काही केल्या ऐकेना. यादी कुणी बघत असताना तीच यादी बदलता येणार नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगे. शब्द कळत होते, कारण कळत नव्हतं. दोन आठवडे गेले. तिनं लॅपटॉप मिटून ठेवला.

"सोडलं का?" अंगदनं विचारलं.

"माझ्या डोक्याबाहेरचं हाय ते."

अंगद टायरात हवा भरत होता. "मला वाटलं हुतं जमंल तुला," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी ती त्याच्याशी नीट बोलली नाही. चुलीपुढं बसून उगाचच तिचे डोळे भरून आले.

मोजणीचा दिवस आला. तिनं नट खाली सोडला आणि तेवढ्यात पलीकडं मोटार सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. ती सवयीनं ओरडली, "रामहरी भाऊ, बंद करा! माझं मोजून होईस्तोवर मोटार लावू नगा!"

नळ सोडणाऱ्या रामहरीनं बटण बंद केलं. "मोजा वहिनी, मोजा!"

टेप तिच्या हातात तशीच राहिली. गेली सहा वर्षं ती हेच ओरडत आली होती. विहिरीत डोकावणारे दहा जण असले तरी चालतं, पण पाणी उपसणारा एकच हवा, आणि तो उपसत असताना मोजणाऱ्यानं थांबायचं. नाहीतर आकडा खोटा. आधी मोजून घ्यायचं, मग मोटार. कंपायलर दुसरं काय सांगत होता?

वहीत आकडा न लिहिताच ती घरी आली. यादी आधी पूर्ण वाचून घेतली, टाकायचे आकडे बाजूला टिपले, वाचणं संपल्यावर मगच ते काढले. कंपायलर एका शब्दानंही बोलला नाही. लिंबाची पानं गळत होती, त्यातलं एक की-बोर्डवर पडलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

पुढचे चार महिने मग झपाट्यानं गेले. निकितानं कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेलं, प्रोग्राम भरता येणारं छोटं बोर्ड आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर पाठवला. त्या बोर्डावर रस्ट कसं चालवायचं, त्याचंही पुस्तक इंटरनेटवर होतं. एका ठिकाणी अडली तेव्हा शिकणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर तिनं मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं सविस्तर उत्तर लिहिलं आणि शेवटी विचारलं, तुमच्या विहिरीला पाणी किती आहे? मनकर्णानं फूट, इंच सगळं कळवलं.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बोर्ड बसवून तिनं तो विहिरीच्या तोंडावर टांगला, शाळेच्या वाय-फायला जोडला. पहिले दोन दिवस आकडे बरोबर आले. तिसऱ्या दिवशी यंत्र म्हणालं, पाणी कठड्यापासून दोन फुटांवर आहे. नंतर नेहमीसारखं म्हणालं, चाळीस फुटांवर. पुन्हा दोन फुटांवर. हेही यंत्र गेलं.

ती विहिरीवर जाऊन बसली, मोबाईल हातात धरून, आत बघत. बराच वेळ काही घडलं नाही. मग कपारीतून दोन पारवे फडफडत वर आले, डब्याच्या खालून गेले आणि त्याच क्षणी मोबाईलवर 'दोन फूट' उमटलं. मनकर्णा एकटीच खळखळून हसली. यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्यानं पारवे मोजले होते.

घरी येऊन तिनं प्रोग्राम बदलला. एकदा मोजायचं नाही, थांबून थांबून सात वेळा मोजायचं, आकडे लहानमोठे लावायचे आणि मधला धरायचा. पारवा एखाद्या वेळी मधे येईल, सातही वेळा येणार नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती कांद्याच्या रानात खुरपत होती. सकाळचं ऊन कोवळं होतं, रात्रभर गावातल्या मोटारी बंद होत्या. कमरेला खोचलेला मोबाईल थरथरला. विहिरीचा आकडा आला होता. तासापूर्वीच्यापेक्षा पाणी दोन सेंटिमीटर वर आलं होतं. पुढच्या तासाला आणखी एक.

खुरपं बाजूला ठेवून ती बांधावर बसली. आतापर्यंत तिनं पाणी नुसतं असलेलं पाहिलं होतं, येताना कधी पाहिलं नव्हतं. या घटकेला विहिरीवर कुणी नव्हतं. शाळा भरायची होती, कठडा रिकामा असेल. आणि खाली, डोंगराकडच्या बाजूला, दगडांच्या फटीतून पाणी झिरपत असेल, कुणालाही न सांगता, थेंबाला थेंब जोडत. तिनं डोळे मिटले, तेव्हा ते तिला स्वच्छ दिसत होतं.