शेवंती का बुजली

मामा गेल्याची बातमी मला पालघरच्या कचेरीत कळली. चिंचणीहून आलेला माणूस दारातच थांबला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "तुमचे मामा सकाळी गेले." त्या क्षणी मला काय वाटलं ते कागदावर उतरवायला महिना लागला. मला सुटल्यासारखं वाटलं... ती गोष्ट आता माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, असं वाटलं. तेही खरं नव्हतं.

रघुनाथमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. चिंचणीला त्याची लहानशी वाडी होती, पण जीव सगळा घोड्यांत. तरुणपणी मुंबईत एका शेटच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. परतला तो हे वेड घेऊनच. काठेवाडी घोडी आणायची, वर्षभर शिकवायची, आणि आतल्या डोंगरपाड्यांकडे ज्यांना जावं लागे त्यांना बसायला द्यायची. मी देवीची लस टोचत गावोगाव फिरणारा, त्यामुळे माझी मागणी सगळ्यात जास्त. आधी ओहोटीतच पाण्यातून ओलांडता येणारा खाडीचा उतार, मग शेतांचे बांध, मग जंगलातली पायवाट. अशा वाटेला घोडी रवाल चालीची हवी. दुडक्या चालीत बसणाऱ्याची कंबर मोडते. रवाल चालीत चारही पाय एकामागोमाग वेगवेगळे पडतात आणि पाठ जवळजवळ हलत नाही. ही चाल रक्तात असते, पण भ्यालेलं जनावर ती विसरतं, असं मामा म्हणायचा.

शेवंती आली तेव्हा तीन वर्षांची होती. तांबूस रंग, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. पहिले पंधरा दिवस मामाने तिला हातही लावला नाही. चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा ठेवून तिच्याकडे पाठ करून बसायचा. एके दिवशी तिनेच पुढे येऊन त्याच्या मानेवर नाक टेकवलं. मग खरारा, मग पाठीवर नुसतं गोणपाट, मग कितीतरी दिवसांनी खोगीर. चाबूक त्या घरात नव्हताच. ओहोटीला तो तिला ओल्या वाळूवरून लांब दोरीने चालवायचा आणि मागे वळून टापांचे ठसे बघायचा. मागच्या पायाचा ठसा पुढच्याला ओलांडून पडला की चाल बरोबर. "वाच," मला म्हणायचा, "जनावर खोटं लिवत नाय." तेव्हा तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. दुपारी सुरुंगांचे आवाज आले की गावातली गुरं दावी तोडायची. शेवंती नुसती मामाकडे बघायची. तो "हाय मी, हाय" म्हणाला की चालू लागायची.

त्या वर्षी पाऊस सरता सरता एका पाड्यावर देवीचे रोगी निघाले. मी शेवंतीला घेऊन गेलो. परत येताना उतारापाशी पोचलो तर भरती लागलेली. पाव तास गेला असता तर उतार बंद झाला असता. शेवंती पाण्याच्या कडेला थांबली ती थांबलीच. मी टाच मारली, ओरडलो. अंगात कणकण होती, तीन दिवस त्या पोरांचे चेहरे बघून डोकं ठिकाणावर नव्हतं... ही कारणं मी स्वतःला किती वेळा सांगितली आहेत! मी खाली उतरलो, चिखलात पडलेली काठी उचलली आणि लगाम आवळून तिच्या मानेवर, कानांवर मारत सुटलो. मग ती मला पाठीवर घेऊन थरथरत पाण्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर वीस पावलं चालवून मामा थांबला. मागचे ठसे आखूड पडले होते.

"वाटंत काय झालं?"

"काही नाही. भरतीच्या पाण्याला भ्याली."

मामा माझ्याकडे बघत राहिला. "पानी तिला ठावं हाय..." मग म्हणाला, "तू म्हन्तोस तर आसंल."

आणि त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. रोज तिला त्याच उतारावर नेऊन पाण्याची भीती काढू लागला. मी रविवारी जायचो, किनाऱ्यावर उभा राहून बघायचो. कुणी जवळपास हात वर केला की तिची कातडी थरथरायची. ते मला दिसायचं. आज सांगू, असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. काहीतरी येतंय असं वाटत असायचं, अगदी जेवतानाही.

माघात ते आलं. मामा तिला उतारात नेत होता. शेजारी एका कोळ्याने होडी ढकलायला वल्हं उचललं. त्याची काहीच चूक नव्हती. शेवंती मागच्या पायांवर उभी राहिली, आणि मामा खडकावर पडला. बरगड्या गेल्या, मग ताप भरला. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून होता.

"पानी नव्हतं ते," म्हणाला. "हाताला भिते ती. मी उगाच तिला तिथं नेत ऱ्हायलो."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

मग म्हणाला, "तिला इकू नका. नवा मानूस हात उचलंल." दोन दिवसांनी गेला.

तेरावं झाल्यावर मी मामीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मला ठावं हाय. त्यांनीच सांगितलं. म्हन्ले, तो येऊन सांगंल, तवर तू काय बोलू नको." मग प्रथमच वर बघितलं. "त्यांनी लई वाट बघली रे तुजी."

तांदूळ बाजूला ठेवून तिने मला पागेकडे नेलं. खुंटीवर मामाचा मळका सदरा होता. मामी तो लुगड्यावर चढवून चंदी टाकते, तरच शेवंती खाते. मामीने तो काढून माझ्यापुढे धरला.

"घाल."

बाह्या मला आखूड झाल्या. शेवंतीने मान वर केली, दोन पावलं पुढे आली, सदऱ्याची बाही हुंगली. तिचा श्वास मनगटाला लागला. मी न राहवून हात उचलला, फक्त कपाळावरून फिरवायला... ती भिंतीला जाऊन भिडली.

मी दोन्ही हात खाली सोडून उभा राहिलो. मामी दारातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या परत ये."