ताम्रपटावरचे ओरखडे

पहाटे साडेचारला सोमलाचा दिवस सुरू व्हायचा. ऊन चढायच्या आत खड्ड्यात उतरलं की काम सरकतं, हे तो चाळीस वर्षं विहिरी खोदून शिकला होता.

माणिकरावांच्या शेतातली ही त्याची तिसरी विहीर. चार हात खाली मऊ राख अन् खापऱ्या लागल्या. सोमलानं कुदळ वर फेकली आणि बोटांनी माती काढायला बसला. दुपार कलली तेव्हा कडीत ओवलेले तीन तांब्याचे पत्रे निघाले. चिखलासकट त्यानं ते ओल्या पंच्यात गुंडाळले.

"मालक, धुऊ नका. संग्रहालयाचे साहेब येईस्तोवर असेच राहू द्या."

"तू काय राजाचा दिवाण झाला का बे?" माणिकराव हसले.

घरी कस्तुराबाईंनी, माणिकरावांच्या बायकोनं, पत्रे देवघरात ठेवायचे म्हणून चिंच-वाळूनं घासले. वरच्या पत्र्यावरच्या चार ओळी गेल्या. नंतर कळलं, तो वाकाटकांचा ताम्रपट. वाशीम वत्सगुल्म म्हणून त्यांची राजधानी होती, त्या काळातला.

वर्षानं सोमला बायकोला, रुपाबाईला, घेऊन तालुक्याच्या लहानशा संग्रहालयात गेला. काचेजवळची पाटी त्यानं बोट ठेवून वाचली. 'शेतमालक माणिकराव यांच्याकडून प्राप्त. मजुराच्या कुदळीमुळे काही अक्षरे नष्ट.'

"चाला घरी," रुपाबाई म्हणाली. तो तडक माणिकरावांच्या ओसरीवर गेला.

"असं काहून सांगतलं, मालक?"

"मंग काय घरच्या बाईचं नाव सांगू? तुयं काय जाते त्यात? तुले कोन ओयखते?"

"किन्हीराजा गावच्या मानसानं इहिरीचं काम दुसऱ्याले देल्लं. म्हने, तुया हात जड हाय. तीन इहिरी खंदल्या तुमच्या. एक तरी दरड पडली का?"

माणिकरावांनी चहा मागवला. सोमला उठून गेला.

संग्रहालयातला कारकून म्हणाला, "पाटी बदलायची तर लेखी आणा, मालकाच्या सहीनं." माणिकरावांनी सही दिली नाही. मग सोमलानं मेडशीला चार दिवस बांधाचे दगड रचले. त्या मजुरीतून त्यानं स्वतःच्या नावाचं प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं: 'पत्रे हाताने काढले. कुदळ लागली नाही. ते मालकाच्या घरी घासले गेले.' खाली सही केली, ते संग्रहालयात दिलं आणि पोच घेतल्याशिवाय तिथल्या खिडकीसमोरून हलला नाही.