कापलेला भाग

मुलीच्या लग्नाचं शूटिंग कोपरच्या एका माणसाने केलं होतं. चैत्रात आमचे हे वारले. व्हिडिओतल्या पाठवणीत ते कुठेच दिसेनात, म्हणून मी त्याच्याकडे गेले. टेबलावर दोन कॉम्प्युटर होते. "नव्यात बघ," म्हटलं.

"मावशी, जुन्या सॉफ्टवेअरमधली कामं यात उघडत नाहीत. सगळे सांगतात, जुना काढून टाक."

"मग ठेवलास कशाला?"

"लग्नात ज्यांना कापतो ना, त्यांनाच लोक नंतर शोधत येतात."

चष्मा कपाळावर ढकलून तो तासभर शोधत राहिला. शेवटी हे सापडले, मांडवामागे एकटे उभे, उपरण्याने डोळे पुसत. पाठवणीला गायब झाले म्हणून मी यांना जन्मभर टोचलं होतं.

"एवढं कापलंस कशाला रे?"

"काकाच म्हणाले होते, हिला दाखवू नकोस."