पीठ कसलं?

कुणी हातावर काही खायला ठेवलं की ती आधी त्याचा तुकडा मोडायची, बोटांत चोळून बघायची आणि विचारायची, "पीठ कसलं?" मग तो देवाचा प्रसाद असो की साहेबांच्या घरची करंजी. रोह्याच्या कंपनीत पॅकिंगला आम्ही दोघी शेजारी उभ्या असायचो. तिथल्या बायांनी तिचं नाव 'भेसळ खातं' ठेवलं होतं. ती हसायची, पण विचारायचं काही सोडायची नाही.

तिला स्वतःला काही झालेलं नव्हतं. आजार होता तिच्या मुलीला. वरसेत आमच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर, त्यामुळे मी सगळं पाहिलेलं आहे. मुलगी अंगणवाडीत जायची तेव्हा पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. जंतांचं औषध देऊन झालं, नजर काढून झाली, मिरच्या जाळून झाल्या. शेवटी पेणच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं, गहू बंद. रवा, मैदा, पाव, बिस्कीट, सगळं बंद. जन्मभर. कणभर पोटात गेला तरी आतडी सोलून निघतील.

सासूने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत गव्हानं कुणी मेलं नाय."

"सात पिढ्यांनी गहू बघितला कुठं होता, आई?" ही म्हणाली. "तांदळाची भाकरीच खात होते ना सगळे?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच ते सासूला जास्त लागलं. सुनेच्या डॉक्टरवर तिचा तेव्हापासून राग बसला. नवरा आईसमोर आईकडे मान हलवायचा आणि बायकोसमोर बायकोकडे. अशा पुरुषांना लोक गरीब स्वभावाचे म्हणतात. मी काही म्हणत नाही.

तिला खरी भीती वाटायची ती शिफ्टची. ही कंपनीत आणि मुलगी घरी, सासूच्या हातात. भाकरी, मासळीचं कालवण, सगळं झाकून ठेवून ही निघायची. मागून सासू चहात बिस्कीट बुडवून पोरीला भरवायची. "एका बिस्किटानं काय व्हतंय? पोर सुकली निस्ती." दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले की तीच सासू रात्रंदिवस पोरीचे पाय चेपत बसायची, पण बिस्किटाचं नाव काढायची नाही. दुष्ट नव्हती बाई. दुष्ट असती तर सोपं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

सासरचं सोडा, पेणला माहेरी तरी काय झालं? गणपतीत ती मुलीला घेऊन तिकडे गेली होती. भावजय मोठी हौशी, भाचीवर जीव टाकणारी. "तुझ्यासाठी खास उकडीचे केलेत हां, तांदळाचे," म्हणत तिने मुलीला पोटभर मोदक वाढले. ही तरी काय विचारणार? मोदक तांदळाचेच असतात. गौरी जाईपर्यंत पोरगी अंथरुणाला खिळली, डोळे आत गेले, हाताला सलाईन लागलं. तेव्हा भावजय रडत रडत बोलली, पाकळ्या फाटू नयेत म्हणून उकडीत मूठभर मैदा घातला होता. सगळ्याच घालतात.

त्यानंतर ती 'पीठ कसलं' देवाच्या नैवेद्यालाही विचारायला लागली. खांब गावात दिलेली नणंद तर उघड म्हणायची, "वयनीला देवाचा पण भरवसा नाय." हिने घरातला हिंग बंद केला, कारण त्यात गव्हाचं पीठ मिसळतात. गिरणीत गव्हावर तांदूळ दळला जातो म्हणून माळ्यावरचं जातं काढलं. कंपनीतून दमून आलेली बाई जातं ओढते म्हणून गल्ली हसली. मीही थोडी हसले.

आणि खारी सोडली. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. पण चहात खारी बुडवून खाणं हे तिचं एकुलतं एक सुख होतं. मधल्या सुट्टीत मी खारी पुढे केली की ती मान फिरवायची. मी म्हटलं, "अगो, इथं कुठं पोर बघतेय?"

"कपड्यांना चुरा लागतो," ती म्हणाली. "आणि तिला सांगितलंय, मी पण नाय खात. खोटं कसं बोलू?"

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. तिने तो अंगावर काढला. लेप्टो निघाला तोवर उशीर झाला होता. मी दवाखान्यात गेले तेव्हा डोळे पिवळे झालेले, जीभ कोरडी. मला ओळखलं आणि विचारलं, "तिनं काय खाल्लं?"

"भात-आमटी," मी म्हटलं.

"आमटीत हिंग नाय ना?"

"नाही," मी म्हटलं.  तिला मरणाची भीती नव्हती, ताटाची होती. आपल्यामागे त्या ताटाशी कोण बसणार, एवढंच तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला ते बघवलं नाही आणि मी बाहेर आले.

तेराव्याला घरात पंगत बसली होती. बाहेर कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. मुलगी भिंतीला टेकून बसलेली, आता दुसरीत आहे. नणंदेने तिच्या हातावर वडा ठेवला. "आईच्या नावाचा घास हाय गो. एवढा खा. आज नाय म्हणू नये, आईला पोचतो."

मुलीने वड्याचा तुकडा मोडला, बोटांत चोळला. "पीठ कसलं?"

वाढणाऱ्या बायका थांबल्या. नणंद म्हणाली, "तांदळाचंच." मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात कोपऱ्यातून सासू बोलली, "गहू हाय त्यात." आणि तिने पदर तोंडाला लावला.

पोरगी उठली. बाहेर जाऊन तिने तो मोडलेला वडा कावळ्याच्या पानावर ठेवला. मी मागोमाग गेले होते. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आईला गव्हाचं आवडायचं. माझ्यामुळं खात नव्हती. आता तिला खाऊ दे."

मग ती नळावर गेली आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखांतून खरवडून, आईने शिकवलं होतं तसे.