दीपमाळेचा पीळ

पडकी देवळं मोजत हिंडणाऱ्यांकडं किस्से आपोआप साठतात, कारण भेग कशानं पडली हे प्रत्येक गावाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. देवळाची मोडतोड बघायची आणि शेकडो वर्षांपूर्वीचा भूकंप किती जोराचा होता ते ठरवायचं, हा आमचा धंदा. आमचे देसाई सर एक नंबरचे संशयी. त्यांचा नियम एकच, आधी माणसावर संशय, मग भूकंपावर.

*

पन्हाळ्याच्या बाजूला एका देवळाची भिंत हातभर फुगलेली. मी खूश. सर मागं जाऊन आले आणि त्यांनी माझी वही मिटली. मागं पिंपळ होता.

*

शाहूवाडीत संशय आमच्यावरच. टेप, होकायंत्र बघून गावाला वाटलं, गुप्तधन शोधायला आलेत. एक आजी दिवसभर आमच्या पिशवीवर डोळा ठेवून बसल्या. निघताना पिशवी उघडायला लावली, तर आत नुसती भाकरी. त्यांचा संशय आणखीच वाढला.

"दिसभर मापलासा आन् कायबी गावलं न्हाय व्हय?"

*

मग गडहिंग्लजजवळची ती दीपमाळ. वरचा भाग पडलेला, उरलेली छातीएवढी. सगळ्यात वरचा गोल दगड खालच्यावर चार बोटं उजवीकडं फिरलेला. जमीन हादरल्याशिवाय असा पीळ पडत नाही, म्हणून सर हरखले. दोन वर्षांचा अहवाल त्या चार बोटांवर उभा राहिला, आणि सोमवारी तो मोठ्या मंडळींपुढं मांडायचा होता.

मला मात्र खटकत होतं. तेवढाच दगड कडेनं गुळगुळीत कसा? सरांना म्हटलं, तर पहिल्यांदाच त्यांनी संशय घेतला नाही. उलट माझ्यावरच चिडले.

तेवढ्यात कट्ट्यावरचे एक म्हातारे पैलवान उठून आले. काय मापताय म्हणून आमची चौकशी केली. म्हणाले, आमच्या तालमीची रीतच हाय, जत्रंच्या कुस्तीआधी प्रत्येक गडी ह्या दगडाला मिठी मारून उजवीकडं एक हिसका देतो. आज्ज्यापासनं चालत आलंय.

सरांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "आजोबा, हा दगड माणसाला हलत नाही."

आजोबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. दगडाला मिठी मारली. घर्रर्र असा आवाज आला.

टोपी परत घेत ते म्हणाले, "पावणं, आता मापा की."