लिफ्टमामाचं पहिलं विमान

माझा मामा लिफ्टचा मेकॅनिक. सगळे त्याला लिफ्टमामाच म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण परक्या इमारतीत गेला की हा आपला जिना चढतो. वरच्या खोलीत जाऊन दोर आणि ब्रेक स्वतः बघितल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. लोक हसतात, मीही हसायचे. पण किती दोर झिजलेले असतात ते फक्त त्यालाच ठाऊक.

असा माणूस विमानात कशाला बसेल? मामेबहिणीचं शहर अकराशे किलोमीटरवर. मामा-मामी तिच्याकडे नेहमी रेल्वेने जायची, अंग आंबवून घ्यायची. यंदा मामी एकटीच गेली आणि तिथे छाती धरून कोसळली. मामेबहिणीचा फोन आला, "डॉक्टर थांबायला तयार नाहीत गं. तुम्ही पोचेपर्यंत ऑपरेशन सुरू झालेलं असेल. बाबांना घेऊन ये." रेल्वेला दीड दिवस, विमानाला दोन तास. मामा बूट घालायला लागला.

विमान उडालं तसा त्याने माझा हात असा आवळला की अंगठी रुतली.

"हे कशाला टांगलंय?"

"टांगलेलं नाही मामा, उडतं ते."

"म्हणजे कशालाच नाही," असं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. जरा कुठे खुट्ट झालं की, "हा कसला आवाज?" नाहीतर, "कधी उतरायचं?" शेवटी मी चिडले. "चाकं आत घेतली असतील. गप बस बघू आता!" खरं सांगायचं तर माझीही बोबडी वळली होती, फक्त विमानामुळे नाही.

मग वैमानिकाने सांगितलं, वारा पाठीमागून आहे, आपण वीस मिनिटं आधीच उतरू. लोक खूश झाले. मामा मात्र पांढराफटक पडला.

"इतक्या लवकर? जरा वरच फिरव म्हणावं."

"अरे, मघापासून उतरायचं म्हणून जीव खाल्लास ना माझा!"

"इथे फोन लागत नाही," तो हळूच म्हणाला. "वर आहोत तोवर ती आहे."

त्यानंतर मीही घड्याळाकडे बघितलं नाही.

चाकं टेकली. आजूबाजूचे फोन किणकिणायला लागले. सगळे उतरले तरी मामा उठेना.

"फोन तूच बघ," तो म्हणाला. "मला काही सांगू नकोस. पुढे हो. चांगलं असेल तर चालत राहा. नसेल तर थांब, मी समजेन."

विमानातून बाहेर आल्यावर मी फोन सुरू केला. मामेबहिणीचे पाच निरोप येऊन पडले होते. उघडायला बोट धजेना. मागे मामाच्या बुटांचा आवाज येत होता, अडखळत. मी क्षणभर जरी थांबले असते तरी तो तिथेच बसला असता.

"चालतेयस ना गं?" त्याने मागून विचारलं. त्याच्या आवाजात जीव आला होता.

"चालतेय ना मामा," मी म्हणाले, आणि निरोप न वाचताच चालत राहिले.